चाकातून कोराडीला गेलेला कापूस

देवावर रागावायची मला लहानपणापासून खोड आहे. इतर बायका नवस बोलतात, मी भांडते. माझ्या सासूबाई म्हणायच्या, ही देवघरात शिरली की आत कुणी पाहुणा आलाय आणि त्याच्याशी हुज्जत चाललीय असं वाटतं. पण त्या दिवशी सावनेरहून नागपूरला परत येताना, रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या गाडीशेजारी उभी राहून मी कोराडीच्या देवीला जे बोलले, तसं त्याआधी कधी बोलले नव्हते. आमच्याकडे ती जुनी, दुसऱ्याच्या हातची फियाट होती, त्या काळातली ही गोष्ट. आता इतकी वर्षं झाली, तरी कापूस दिसला की मला ती आठवते, आणि आमच्या विदर्भात कापूस कुठे दिसत नाही?

माझी आई आमच्याजवळ हनुमाननगरला राहायची. मी एकुलती एक, वडील लवकर गेलेले, त्यामुळे जावयाच्या घरी राहायचा संकोच गिळून ती आली होती. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन खूप आधी झालं होतं आणि ते बिघडलं होतं. तो डोळा कायमचा गेला. मग दुसऱ्यात मोतीबिंदू आला तेव्हा ती दवाखान्याचं नावच काढू देईना. हळूहळू तिला माणसं आवाजावरून आणि घर हातावरून कळायला लागलं. दिवसभर बसून ती वाती वळायची. आमच्या देवाला, शेजारपाजाऱ्यांना, चौकातल्या मारुतीला, सगळ्यांना तिच्याच वाती. मी कधी म्हटलं की आई, पुरे आता, तर म्हणायची, "डोयाले दिसत नाही त नाही, हाताले त समजते ना." ती हसून बोलायची आणि मला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागायचे.

सावनेरला माझे मामा राहात. तिथे नेत्रशिबीर भरलं आणि मामीच्या डोळ्याचं ज्यांनी केलं तेच डॉक्टर येणार असं कळलं, तेव्हा आई आपणहून म्हणाली, करून टाकू. नवरात्रात ऑपरेशन झालं. चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले, पण पुढचे दिवस सांभाळायचे आहेत हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. उताणं निजून राहायचं, धक्का लागू द्यायचा नाही, खोकला नको, उलटी नको, चावून खाणं नको, रडणं तर नकोच. टाका सुटला तर माझ्या हातात काही उरणार नाही, असं ते म्हणाले. दसरा झाला की शिबीर उठणार होतं. पुढची पट्टी नागपूरच्या डॉक्टरांकडे उघडायची होती. म्हणजे आईला, तिच्या त्या एकुलत्या एका डोळ्यासह, जपून घरी आणायचं एवढंच काम आमच्याकडे होतं. तिला मामीवर सोपवून मी सणापुरती घरी आले, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि हे तिला आणायला निघालो.

आता माझी करामत सांगते. खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. घरात तलवारी नाहीत, पण विळी, कात्री, हातोडी, माझं शिवणाचं यंत्र, सगळं धुऊन पुसून देवापुढे मांडायचं. त्या वर्षी गाडी नवी नवी आलेली, त्यामुळे मी हौसेने डिकीतून जॅक काढला, चाक खोलायचा पाना काढला, इतकंच काय स्टेपनीसुद्धा यांच्याकडून काढवून घेतली. पाटावर जॅक आणि पाना, भिंतीला टेकवून स्टेपनी, तिला झेंडूचा हार. हे म्हणाले, आता हिला नैवेद्य काय, ग्रीस का? मी दुर्लक्ष केलं. एकदा मांडलेली हत्यारं दसऱ्याचं सोनं वाहिल्याशिवाय जागची हलवायची नाहीत, ही आमच्या घरची रीत. दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला माणसांची रीघ लागली, रात्री अंग टाकलं तशी झोप लागली, आणि सकाळी आम्ही तसेच गाडीत बसून निघालो. डिकी उघडून बघायचं ना यांना सुचलं, ना मला.

परत येताना आईला मागच्या सीटवर निजवलं आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन मी कोपऱ्यात बसले. दोन्ही डोळ्यांना पट्टी होती. पाटणसावंगी मागे पडलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि फुटायला लागलेला कापूस. हे इतकी जपून गाडी चालवत होते की मला वाटलं, आता सुखरूप पोचतो. तेवढ्यात पुढून मोठा आवाज झाला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. यांनी ती सावरली, कडेला लिंबाखाली उभी केली. माझे दोन्ही हात आईच्या डोक्याला आवळले गेले होते. तिने विचारलं, गाडी काहून थांबली वं? मी म्हटलं, चाकातली हवा गेली, आता बदलतील.

हे डिकी उघडायला मागे गेले ते परत येईनात. मी आईचं डोकं उशीवर ठेवून उतरले. रिकाम्या डिकीत झेंडूच्या चार पाकळ्या पडल्या होत्या, बाकी काही नव्हतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. यांची चूक नव्हती असं नाही, पण हौस माझी होती, तरी त्यांनी मला बोल लावला नाही, आणि त्यानेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला कळू द्यायचं नाही एवढं आम्ही कुजबुजून ठरवलं. तिला सांगितलं की जादा चाकही पंक्चर आहे, थोडा वेळ लागेल. यांनी वाकून पाहिलं तर टायर धड होतं, पण आतली ट्यूब हवा भरायच्या तोंडापाशी फाटून आली होती. तिला ठिगळ लागत नाही. नवी ट्यूब नागपूरलाच मिळणार, आणि मिळाली तरी चाक खोलायला पाना देवापुढे.

सावनेरकडे जाणाऱ्या एसट्या दीक्षाभूमीवरून परतणाऱ्या माणसांनी भरून चालल्या होत्या. नागपूरकडे जाणारी एक थांबली, पण आईला बसमध्ये बसवायची सोय कुठे होती? कोळशाच्या एका ट्रकवाल्याने भला माणूस म्हणून गाडी थांबवली. त्याचा जॅक आमच्या गाडीखाली शिरेना. आईला केबिनमध्ये घेतो म्हणाला, पण त्या रस्त्यावर ट्रकचे हादरे काय असतात ते तोच हात हलवून सांगायला लागला आणि आम्ही त्याला रामराम केला. ऊन कलायला लागलं होतं, तरी गाडीचा पत्रा तापलेला. आई एकदम म्हणाली, "मले मळमळून राह्यलं वं." उलटी झाली आणि टाका सुटला तर? मी पदराने तिला वारा घालत राहिले. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते. ती माझ्यासाठी सोसत होती हे मला दिसत होतं.

मग मी गाडीच्या पलीकडे गेले आणि कोराडीच्या दिशेला तोंड करून देवीशी भांडले. आवाज केला नाही, ओठातल्या ओठात बोलले. म्हटलं, तुझी पूजा केली म्हणून ही वेळ आली. न करती तर चाक डिकीत असतं. त्या म्हातारीने उभ्या जन्मात तुझ्या दिव्यात वात कमी पडू दिली नाही, आणि तू तिचा शेवटचा डोळा मागतेस? घ्यायचाच तर माझा घे, मला दोन आहेत. नको नको ते बोलले.

इकडे यांना लहानपणचं काहीतरी आठवलं होतं. त्यांच्या गावी रबरी चाकांच्या बैलबंडीची ट्यूब फाटली की टायरमध्ये तणस, म्हणजे भाताचा वाळला पेंढा, ठासून भरायचे आणि हळूहळू घर गाठायचे. इथे तणस कुठून आणणार? यांनी कडेचं हिरवं गवत उपटून हातात चुरगाळून पाहिलं, त्याचं पाणी झालं. तेवढ्यात शेजारच्या शेतातून पाच-सहा बायका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर आल्या. आमची गाडी बराच वेळ उभी पाहून त्यांना राहवलं नसावं. पुढे जी होती ती शेताची मालकीण, सरूबाई. उंच, हाडापेराची, कपाळभर कुंकू. मी तिला सगळं सांगितलं, डोळ्याचं आणि ट्यूबचंही, आणि यांनी गवताचा चुरा दाखवला. तिने गाडीत वाकून आईकडे पाहिलं आणि विचारलं, "कापूस चालते का, बापू?"

चालेल, हे म्हणाले, ओला करून ठासला तर नक्की चालेल, पण इतका कापूस आणायचा कुठून? सरूबाईने शेताकडे मान वळवली. तिकडे कपाशीच्या ओळीत सात खडे मांडून त्यांना हळदकुंकू लावलेलं होतं, पुढे दहीभाताचा द्रोण, आणि शेजारी मोठी टोपली भरून पांढराशुभ्र कापूस. मी ते पाहिलं आणि मला कळलं. वेचणी सुरू करायच्या दिवशी आमच्याकडे शेतात सीतादही करतात. तो पहिला कापूस देवीचा. सरूबाईच्या घरी तो तराजूवर घालत नसत, घरातही नेत नसत. दरवर्षी तो कोराडीच्या देवळात वातींसाठी जात असे, हे तिनेच सांगितलं. त्या टोपलीकडे पाहून मी मागे सरले. देवीशी आताच इतकं भांडून आले होते आणि आता तिचाच कापूस गाडीच्या चाकात कोंबायचा? मी म्हटलं, बाई, हा नको, झाडावरचा दुसरा वेचून द्या. ती म्हणाली, दुसरा वेचेपर्यंत दिवस बुडते.

"हा कोराडीलेच चालला होता वं. तुमची गाडी कोराडीवरूनच जाते ना? मंग जाऊ दे चाकातून."

मी तरीही म्हटलं, देवी रागावली तर? सरूबाई टोपली उचलायला निघालीसुद्धा होती. जाता जाता म्हणाली, "रागावली त माह्यावर रागावन. तू काहून भेतं?"

मग जे झालं ते पाहायला मिळालं हे माझं भाग्य. आईला हलवायचं नाही म्हटल्यावर त्यांनी आईसकट गाडी उचलायचं ठरवलं. शेतातल्या बंडीपाशी असलेल्या तिच्या गड्याने लाकडाची लांब बल्ली आणली, दगडावर टेकवून ती गाडीखाली घातली, आणि सगळ्या बायका बल्लीच्या दुसऱ्या टोकावर ओणव्या झाल्या. कुणी हिसका दिला नाही. हळू, हळू, असं सरूबाई म्हणत होती आणि गाडीचा तो कोपरा वर येत होता. खाली चपटे दगड रचले गेले. आत आई म्हणाली, निघालो का आपण? बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सब्बल, म्हणजे पहार, आणि वखराची लोखंडी पास यांचा टेकू देऊन यांनी आणि त्या गड्याने चाक न खोलताच टायरची एक कड बाहेर काढली, ट्यूब ओढून घेतली, आणि मडक्यातलं पाणी शिंपडून ओला केलेला कापूस आत जायला लागला. ओंजळीमागून ओंजळ. लाकडाने ठासायचा, परत भरायचा. सरूबाईची तरुण सून म्हणाली, देवीची ओटी भरतो, आज चाकाची बी भरू. सरूबाईने तिच्याकडे डोळे वटारले आणि मग स्वतःच हसली. टोपली रिकामी होत गेली. मी मोजकीच माणसं अशी पाहिली आहेत, जी देवाचं देताना इतकी निवांत असतात.

मधेच सरूबाई द्रोण घेऊन आईपाशी आली. दहीभात, चावायची गरज नाही. मी चमच्याने थोडा आईच्या ओठांना लावला. गार दह्याने तिचा जीव जरा थाऱ्यावर आला. दोन घास गेल्यावर ती म्हणाली, सीतादही हाय का आज? तीही शेतकऱ्याचीच लेक. सरूबाईने हो म्हटल्यावर आईने पडल्यापडल्याच हात जोडले आणि हात पुढे केला: मले बी दे थोडा कापूस, हात रिकामे हायत. सरूबाईने टोपलीच्या तळाचा कोरडा कापूस तिच्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "माह्या नावाची एक वात लावजो, माय."

निघताना मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिने मला धरून उभं केलं आणि गाडीत ढकललं. उशीर नको करू म्हणाली. तिला तिच्या खड्यांपाशी परत जायचं होतं.

घरापर्यंतचा तो प्रवास मी विसरणार नाही. गाडी इतकी हळू चालली होती की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात आणि वळून बघत. टायरच्या कडेतून पांढरे तंतू बाहेर डोकावत होते. कापसावर चालणाऱ्या त्या चाकाला कसला हादरा, कसलं काय! आईचं डोकं माझ्या मांडीवर स्थिर होतं आणि तिचे हात छातीवर काम करत होते. बोटांनी सरकी काढायची, कापूस पिंजायचा, तळहातावर वात वळायची. मी तिच्याकडे पाहात राहिले. डोळे बांधलेले, गाडी दुसऱ्याच्या हातात, चाक अनोळखी बाईच्या कापसावर, आणि ही वाती वळतेय. भीती वाटत नाही का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, डॉक्टर म्हणे काहीच करू नको, पडून राहा. मंग मी पडून राह्यली. बाकीचं ज्याचं त्याले माहीत.

कोराडीला नळापाशी गाडी थांबवून यांनी चाक हाताने चाचपलं, गरम लागत होतं, म्हणून त्यावर बादलीभर पाणी ओतलं. समोर देवळाचा रस्ता. मी उतरले नाही, आईचं डोकं सोडायचं नव्हतं. तिथूनच मान वाकवली. दुपारी याच देवीशी इतकं भांडले होते. देवीचा कापूस देवीच्या दारापर्यंत आला होता, एवढंच मनात आलं आणि डोळे भरून आले. पाणी ओतून झाल्यावर हे परत बसले आणि त्यांनीही स्टिअरिंगवरून हात उचलून जोडले. हे कधी देवळात जात नसत.

दिवेलागणीला घरी पोचलो. आईला खाटेवर निजवून मी देवघरात गेले. पाटावर जॅक, पाना, भिंतीशी हार घातलेली स्टेपनी. सगळं जसंच्या तसं, जणू काही झालंच नाही. मी तिथेच बसले आणि हसू का रडू मला कळेना. दुसऱ्या दिवशी टायरवाल्याने चाक घरी येऊन उघडलं. वरचा कापूस काळाभोर झाला होता, आत मात्र अजून पांढरा. स्टेपनी यांनी डिकीत टाकली, पण जॅक आणि पान्याला मी हात लावू दिला नाही. आईला नीट दिसेपर्यंत ते तिथेच राहतील, असं मी सांगितलं. मधेच पंक्चर झालं तर, यांनी विचारलं. तर कापूस आहे, मी म्हटलं. त्यांनी मित्राकडून जॅक मागून आणला आणि माझी थट्टा करायची ती केलीच.

सरूबाई पुढे आम्हाला भेटली. आईला घेऊन आम्ही तिच्या शेतावर गेलो तेव्हा तिला आम्ही कोण हे आठवायला वेळ लागला. माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट तिच्यासाठी एका दुपारचं काम होतं. मला आधी थोडं वाईट वाटलं, मग फार बरं वाटलं.

पण सांगायचं आहे ते चष्म्याच्या दिवसाचं. पट्टी निघाली तेव्हा आईला उजेड आणि आकार दिसत होते. नीट दिसायला जाड काचेचा चष्मा लागणार होता आणि तो यायला दिवाळी उलटली. तोवर मी रोज सकाळी देवापुढे बसायची, पण भांडायची नाही. काय होईल ते होवो असं म्हणणं मला सोपं नव्हतं. मी करणाऱ्यांतली, हात चालवणाऱ्यांतली. आईसारखं उताणं पडून राहणं मला तेव्हा पहिल्यांदा जरासं जमलं.

चष्मा आला त्या संध्याकाळी मी देवघरात दिवा लावला होता. वात आईनेच गाडीत वळलेली, सरूबाईच्या नावाची. हे आईला हाताला धरून घेऊन आले आणि तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. ती दिव्याकडे पाहून हात जोडील, देवीचं नाव घेईल असं मला वाटलं होतं. पण ती वाकली, अजून वाकली, आणि वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्यांमधून बोट फिरवत म्हणाली, "काहून वं, देवापाशी हे लोखंड कायचं ठेवलं?"

देवापुढच्या त्या हत्यारांचं तिला आम्ही कधी काही सांगितलं नव्हतं. तिला ते दिसलं होतं. मी तिला मिठी मारली आणि मोठ्याने रडले, तिच्या चष्म्याला धक्का लागेल म्हणून यांनी मला मागे ओढलं. देवीकडे त्या दिवशी मी काहीच मागितलं नाही, मागायला सुचलंच नाही. मग डोळे पुसले, पाटावरचा जॅक उचलला, त्यावरचं हळदकुंकू तसंच ठेवून धूळ तेवढी पदराने पुसली आणि तो यांच्या हातात दिला.